सर्वेश्वर कंपाउंडर

सुई आत गेली आणि नेमकं तेव्हाच ती मुलगी म्हणाली, "मेसो, तुम्ही सर्वेश्वर कंपाउंडर ना?"

भवतोषला हात काढून घेता येईना. दंडाला रबरी पट्टा आवळलेला, पोट उपाशी, समोरच्या भिंतीवर मूत्रपिंडाचं रंगीत चित्र. कलकत्त्यातल्या बेहालाच्या त्या तपासणी केंद्रात तो वर्षातून दोनदा साखर बघायला यायचा, आणि तिथे तो शिकदारबाबू किंवा नुसता मेसो, म्हणजे काका होता, वय बहात्तर, बाकी काही नाही. "ओळखलंत," तो म्हणाला. चौतीस वर्षांत हे त्याने शंभरेक वेळा म्हटलं असेल. त्यानंतर काय येतं तेही त्याला पाठ होतं. समोरचा माणूस हसत हसत दोन्ही तळवे पुढे करायचा आणि हवेतल्या हवेत उशी दाबायचा. बाजारातला मासळीवाला तसं करायचा, विमा कचेरीतला त्याचा साहेब करायचा, एकदा तर साहेबाच्या मुलीच्या लग्नात नवरदेवाने केलं होतं. ह्या मुलीचे हात कामात होते म्हणून, नाहीतर तिनेही केलं असतं.

"परवा टीव्हीवर लागला होता तुमचा सिनेमा. लहानपणी आई बघू द्यायची नाही." तिने भरलेली नळी काढून दुसरी लावली. "पण मेसो, केवढा अन्याय केलाय हो तुमच्यावर! पुस्तकात तुम्ही खून केलेलाच नाही."

"काय?"

"हात हलवू नका. पुस्तकात सर्वेश्वर निर्दोष सुटतो. म्हणजे काय, तुम्ही वाचलं नाहीत?" तिने टोचल्या जागी कापूस ठेवला आणि त्याचा कोपर दुमडला. "पाच मिनिटं दाबून धरा. चोळू नका. नेक्स्ट!"

भवतोष बाहेरच्या बाकावर कापूस दाबून बसला आणि पाच मिनिटांनंतरही बसून राहिला. सिनेमात शेवट बदललाय, एवढं त्याच्या कानावर होतं. पण काय बदललंय हे त्याने कुणाला विचारलं नव्हतं, आणि कुणी सांगायला लागलं की तो चहा आणायला उठायचा. दिग्दर्शक नीरद बागचीने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पुस्तक वाचायचं नाही हं, भव. वाचलंस की बिघडशील." भवतोषला वाटलं, पडद्यासाठी ताजं राहावं म्हणून सांगतोय. तेव्हा तो अडतिसाचा होता, संध्याकाळी ग्रुप थिएटर आणि दिवसा विम्याच्या फायली. सिनेमात पहिल्यांदाच नाव असलेलं काम मिळालं होतं. चंदननगरला गंगेकाठच्या घरात एक श्रीमंत म्हातारी, क्षीरोदसुंदरी, अंथरुणाला खिळलेली. दिवसातून तीनदा तिला इंजेक्शन द्यायला येणारा सर्वेश्वर कंपाउंडर. आणि मग ती उशी. म्हातारीचं काम करणाऱ्या बाई रंगभूमीवर साठ वर्षं घासलेल्या. उशीखालून त्यांचाच आवाज आला होता, "अरे नीट दाब की रे बाळा, लाजतोस काय नव्या नवरीसारखा!" सगळं युनिट हसलं होतं. दुसऱ्या वेळी त्याने नीट दाबली. तो टेक नीरदला इतका आवडला की पडद्यावर नुसते त्याचे हातच कितीतरी वेळ दिसत राहतात, नखांपर्यंत.

आणि त्या हातांनीच त्याने आईला पाणी पाजलं होतं. शूटिंग माघात संपलं, आषाढात आई गेली, दुर्गापूजेला सिनेमा लागला. क्रम असा होता. हा क्रम त्याने मनात इतक्या वेळा तपासला होता की तो आता गुळगुळीत झाला होता. पहिल्या खेळानंतर सगळे थिएटरबाहेर उभे होते, घाम, अत्तर, नव्या कपड्यांचा वास, आणि त्याचा धाकटा भाऊ प्रियतोष हसत म्हणाला होता, "दादा, आईच्या वेळी पण जवळ तूच होतास ना रे?" म्हणाला आणि त्याने लगेच जीभ चावली. भवतोषही हसला. सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. थट्टेला थट्टा म्हणून घ्यायचं हे नाटकातल्या माणसाला काय शिकवायचं? पण त्या रात्रीपासून त्या वाक्याने त्याच्या आत जागा धरली, माशाचा बारीक काटा घशात राहतो तशी. भाताचा गोळा गिळा, केळं खा, तो असतोच. कारण प्रियतोषला माहीत नव्हतं ते त्याला माहीत होतं. जवळ भवतोषसुद्धा नव्हता. आईला त्या शनिवारी दुपारी जरा बरं वाटत होतं, तिने बार्ली घेतली होती, आणि गच्चीवर शेजारच्या पोरांनी रेडिओ लावला होता, फुटबॉल लीगचा सामना होता. पाच मिनिटांत येतो, असं मनाशी म्हणून तो वर गेला. पंधरा झाली. खाली आला तेव्हा आईचा हात अजून ऊन होता. तो स्टुलावर बसला, हात हातात घेतला, आणि त्याची बायको बिथिका स्वयंपाकघरातून आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. मग डॉक्टर, भाऊ, शेजारी, सगळ्यांना त्याने सांगितलं, शेवटपर्यंत मी जवळच होतो. एकदा सांगितल्यावर ते बदलायचं कसं?

घरी आल्यावर त्याने चप्पल काढायच्या आधी विचारलं, "सर्वेश्वर खून करत नाही?"

बिथिका मटाराच्या शेंगा सोलाव्यात तितक्या निवांतपणे परवल सोलत होती. शाळेतून निवृत्त होऊनही तिच्या आवाजात तास चालू असायचा. "कोण म्हणालं?"

"रक्त काढणारी मुलगी."

"हुशार आहे मुलगी."

"आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"सहा वेळा सांगायला आले. सातव्या वेळी तू मला तुझी शपथ घातलीस, पुस्तकातलं अक्षर काढायचं नाही म्हणून. नट मोठा ना तू!" तिने सुरी खाली ठेवली. "जा, आतल्या कपाटात चौदाच्या चौदा आहेत. तुझं पाचवं."

तिने ती मालिका पहिल्यापासून वाचली होती, नलिनाक्ष भादुरींच्या अनादी दारोगाची, म्हणजे पोलीस फौजदाराची. दर पूजेला एक नवीन पुस्तक यायचं आणि ती ते नव्या साडीच्या आधी उघडायची. भवतोषने पाचव्याला हात लावला आणि मागे घेतला. त्याने पहिलं काढलं. मालिका आहे, पहिल्यापासून वाचायला हवी, असं तो म्हणाला. त्याला भीती वाटत होती हे बिथिकाला कळलं असणार. कशाची भीती, हे मात्र तिला कळायचं कारण नव्हतं.

पहिल्या पुस्तकात त्याला धक्का बसला तो दारोगाचा. सिनेमात अनादी दारोगा म्हणजे सडपातळ, भांग पाडलेला, आगबोटीवरून उडी मारणारा देखणा माणूस. तीन सिनेमे झाले, तिन्हींत त्याने उडी मारली. पुस्तकातला दारोगा जिना चढताना दोनदा थांबतो. त्याला आंबट ढेकर येतात, तो दूध-लाह्या खातो, आणि संशयिताच्या घरी गेला की आधी त्याच्या घरच्यांची तब्येत विचारतो. पिस्तूल एकदाच काढतो, तेही त्यात मुंगळे झालेत का बघायला. भवतोष मोठमोठ्याने हसत वाचू लागला. सकाळी बाजार करून आला की खिडकीशी बसायचा, दुपारी बिथिका येऊन पंखा वाढवायची. दुसऱ्या पुस्तकात हुगळीच्या तागाच्या गिरणीतला खून, तिसऱ्यात लग्नघरातलं विष, चौथ्यात तर खूनच नाही, एक हरवलेली सून, आणि ती सापडल्यावर दारोगा तिला परत न आणता स्टेशनवर तिकीट काढून देतो. ह्यातला कुठलाच माणूस पूर्ण वाईट नव्हता. ज्याला शिक्षा व्हायची त्याच्याबद्दलही भादुरी दोन ओळी अशा लिहायचे की भवतोष पुस्तक पालथं घालून बाहेर बघत बसायचा. अशा माणसाच्या पुस्तकातून आपण उशी घेऊन बाहेर आलो कसे?

चौथं संपल्यावर वीस दिवस गेले. त्याने नळाची चकती बदलली, जुनी पत्रं लावली, प्रियतोषला फोन करून त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. "दादा, तुझं बरंय ना?" प्रियतोषने संशयाने विचारलं. एकविसाव्या दिवशी बिथिकाने पाचवं पुस्तक त्याच्या ताटाशेजारी आणून ठेवलं आणि म्हणाली, "चावत नाही."

'नदीकाठची खोली.' पन्नास पानांपर्यंत सगळं ओळखीचं होतं, घर, पायऱ्या, क्षीरोदसुंदरीची खवचट जीभ. आणि सर्वेश्वर. वाचताना भवतोषच्या लक्षात आलं की सर्वेश्वरला दुसरा चेहराच नाही, त्याचाच आहे, अडतीस वर्षांचा, गालात पान धरलेला. भादुरींनी त्याला किडकिडीत आणि चष्मेवाला लिहिला होता, तरी चालताना दिसायचा तो भवतोषच. नीरदने एवढं तरी दिलं होतं. पण सिनेमात सर्वेश्वर म्हातारीच्या दागिन्यांकडे बघतो आणि पुस्तकात तो तिच्या पायांची सूज बघतो. सुई टोचण्याआधी सुई स्वतःच्या तळहातात धरून उबदार करतो. म्हातारी त्याला शिव्या देते आणि त्याच्यासाठी संदेश मिठाई झाकून ठेवते. एका दुपारी नदीतून जत्रेच्या नाटकवाल्यांची होडी जाते, ढोल वाजतात, आणि सर्वेश्वर खोलीतून उठून घाटावर जातो. पाव तास. परत येतो तो क्षीरोदसुंदरी गेलेली.

भवतोषने पान उलटलं नाही. खिडकीखाली कुणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं, आणि ते शब्द त्याला फार लांबून ऐकू येत होते. पाव तास. हे भादुरींना कुणी सांगितलं? मग हिशेब लागला, पुस्तक आई जाण्याच्या चार वर्षं आधीचं होतं. म्हणजे तो आषाढात गच्चीवर गेला तेव्हा ह्याच घरात, ह्याच कपाटात, सर्वेश्वर आधीच जाऊन परत आला होता.

सर्वेश्वर दारोगाला खोटं सांगतो. मी हललोच नाही, म्हणतो. शंभर पानं तो तेच सांगत राहतो आणि सगळं गाव त्याच्यावर संशय घेतं, दारोगासुद्धा. औषधाची बाटली बदलून म्हातारीला मारणारा निघतो तिचा जावई, कलकत्त्याचा नावाजलेला डॉक्टर. ते उलगडल्यावर सर्वेश्वर दारोगाच्या पाया पडतो आणि होडीचं सांगतो. सिनेमात ह्या जागी पाठलाग होता. पुस्तकात दोन माणसं घाटाच्या पायरीवर बसलेली असतात, आणि दारोगा म्हणतो, "आजारी माणसाच्या खोलीतून कुणीतरी कधीतरी उठतंच, सर्वेश्वर. चोवीस तास बसून राहिलेला माणूस मी नोकरीत पाहिला नाही. उठलास ह्याचा मला राग नाही. खोटं बोलून माझे सतरा दिवस खाल्लेस, त्याचा आहे."

भवतोषने ते चार-पाच वेळा वाचलं. रडू आलं नाही. फक्त फार भूक लागली. त्याने उठून मुरमुऱ्यांचा डबा काढला, मोहरीचं तेल घातलं, मिरची चिरली आणि उभ्या उभ्या वाडगाभर मुरमुरे खाल्ले.

इथे थांबता आलं असतं. पण कुणी आपलं इतकं मोठं काम केलं तर त्याच्या दारावरून दुसऱ्या दिवशी तोंड फिरवून कसं जायचं? तो सहावं वाचू लागला, मग सातवं. काही पुस्तकं कच्ची होती. नववं तर भादुरींनी तापात लिहिलं असावं, त्यात एक माणूस दोनदा मरतो, आणि बिथिका म्हणाली, "ते सोड, मीही सोडलं होतं." त्याने सोडलं नाही. टीव्हीवर पुन्हा एकदा त्याचा सिनेमा लागला तेव्हा पहिल्यांदाच तो शेवटपर्यंत बघत बसला. उशीच्या वेळी बिथिकाने सवयीने आवाज कमी केला. "राहू दे," तो म्हणाला. पडद्यावरचे हात चांगले होते. ते काम चांगलं होतं. नीरदने गोष्ट चुकवली होती, पण नदीवरचा सकाळचा उजेड त्याने जसा धरला होता तसा भादुरींना जमला नव्हता, आणि म्हातारीचं काम करणाऱ्या बाईंचं ते खोकल्यातून फुटणारं हसू तर कुठल्याच पानावर नव्हतं. त्या कधीच गेल्या होत्या, नीरदही गेला होता. भवतोषच्या मनात आलं, माझ्यावर इतक्या लोकांचे उपकार आहेत, आणि मी चौतीस वर्षं चहा आणायला उठत राहिलो.

चौदावं वाचून उन्हाळ्यात संपलं. त्या पुस्तकानंतर भादुरींनी लिहिलं नाही, वर्षभरात ते वारले. चौदाव्यात दारोगा निवृत्त झालेला आहे, पाय सुजलेले, एका जुन्या चोरीचा माग खाटेवर पडल्यापडल्या काढतो. शेवटच्या प्रकरणात त्याला इंजेक्शन द्यायला येतो तो सर्वेश्वर. भवतोष ताठ बसला. सर्वेश्वर म्हातारा झालेला, सुई अजून तळहातात उबदार करतो. दारोगाला डुलकी लागते, तेव्हा सर्वेश्वर स्टुलावरून उठून व्हरांड्यात जातो, जरा वेळ नदी बघतो आणि आत येतो. दारोगा जागा असतो. रागावत नाही. "काय दिसलं?" एवढंच विचारतो. आणि सर्वेश्वर सांगायला लागतो, किती होड्या होत्या, पाणी कुठपर्यंत आलंय, पलीकडे कुणाचं शेत कापून झालंय. चौदा पुस्तकं तिथेच संपतात, त्याच्या सांगण्याच्या मधेच.

पुढचं पान कोरं होतं. त्याने ते उलटून पाहिलं, त्याच्या मागचंही पाहिलं. घरातला मोठा आवाज एकदम बंद झाल्यासारखं वाटलं. बिथिका समोर बसून वहीत किराणा लिहीत होती. तिने वर पाहिलं.

"संपलं?"

"संपलं."

"मी तेव्हा दोन दिवस जेवले नव्हते. तू म्हणालास, पित्त झालंय."

"बिथी," तो म्हणाला, "आई गेली तेव्हा मी खोलीत नव्हतो. गच्चीवर होतो."

म्हटलं गेलं. बहात्तराव्या वर्षी, दिवसाढवळ्या, किराण्याच्या यादीवर. बिथिकाने पेन्सिल कानाच्या मागे खोचली, शाळेत खोचायची तशी.

"मला माहीत आहे की," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू वर गेलास तेव्हा मी आत आले होते. आईंनी विचारलं, भव कुठाय? म्हटलं, वर रेडिओ ऐकतोय, बोलावू? तर म्हणाल्या, नको गं, ऐकू दे. महिनाभर इथे बसून बसून पोराचा चेहरा कंपाउंडरासारखा झालाय. खाली आला की सांगेल मला काय झालं ते." बिथिका थांबली. आठवत होती, एकही शब्द इकडचा तिकडे होऊ नये म्हणून. "मी त्यांच्याजवळच बसले होते. पाय चेपत. मग म्हणाल्या, जा, भात उतरव, करपल्याचा वास येतोय. गेले. पेज काढून आले तर तू स्टुलावर बसलेला. मधे किती वेळ गेला, दोन मिनिटं की तीन, ते मलाही सांगता येणार नाही."

"चौतीस वर्षं तू बोलली नाहीस?"

"अरे, तू सगळ्यांना सांगत सुटलास, शेवटपर्यंत जवळ होतो. मला वाटलं, तुला तसं सांगून बरं वाटतंय. चारचौघांत नवऱ्याला खोटं कशाला पाडू? मला काय ठाऊक, तू ते असं गिळून बसलायस ते!" तिचा आवाज चढला आणि फाटला. "एकदा विचारायचंस तरी, माणसा!"

त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि तिने तो जरा रागानेच धरला. गच्चीवरचा तो पाव तास त्याने कधी पूर्ण आठवला नव्हता. जिना चढायचा आणि तिथून थेट आईच्या ऊन हातापाशी यायचा, मधलं काही नाही. आता ते मधलं आलं. तापलेली गच्ची, दोरीवरची पातळं, पोरांचा गराडा, खरखरणारा रेडिओ. खाली यायला तो वळलाच होता, आणि पुढे काय झालं ते आठवून त्याचा चेहरा कसनुसा झाला.

"बिथी, तू पाय चेपत होतीस तेव्हा... वरून काही ऐकू आलं होतं?"

"न यायला काय? गोल झाला होता ना. छप्पर उडेल असं कुणीतरी ओरडलं. आईंनी विचारलं, आपला का गं? मला त्यातलं काय कळतं? म्हटलं, हो, आपलाच." ती त्याच्याकडे बघत राहिली. "आपलाच होता ना रे? मी ठोकून दिलं होतं."

"आपलाच होता," भवतोष म्हणाला. "आणि ओरडलो तो मी."

"ते तू मला काय सांगतोस?" बिथिका पदराने डोळे पुसत म्हणाली. "त्यांनी आवाज ओळखला होता. हसल्या. म्हणाल्या, घसा फोडून घेईल मेला, उद्या नाटक आहे त्याचं."